एक गोळ्यांचा, एक फुलीचा

नगर, १८ नोव्हेंबर १९४७

प्रिय कृपा,

खर्ड्याच्या दवाखान्यात राबणाऱ्या तुम्हा सगळ्यांची तक्रार पोचली आणि ती रास्त आहे. जीप वळणावर हिसके देते. गेल्या आठवड्यात तर ती कळा देणाऱ्या बाईसकट ओढ्याकाठच्या खड्ड्यात गेली. चांगुणाची मुलगी जीपमध्येच जन्मली आणि मायलेकी ठणठणीत आहेत, हे वाचून मी वर्कशॉपात गूळ वाटला. पण बन्सी पिऊन गाडी चालवतो असं ठरवून दवाखान्याचे पंच येत्या रविवारी त्याला कामावरून काढणार, हे पुढच्याच ओळीत वाचलं आणि माझ्याच तोंडातला गूळ कडू झाला.

तू लहानपणी वर्कशॉपात बसून धडे पाठ करायचीस, तेव्हा एवढं तुला समजेल. जीपच्या पुढच्या चाकांना वळायचंही असतं आणि गाडी ओढायचीही असते. म्हणून चाकाजवळ, आसाच्या दांड्यात, वाकणारा जोड असतो. लढाईच्या घाईत हे जोड निरनिराळ्या तऱ्हेचे निघाले. एकात पिंजऱ्यात बसवलेल्या सहा पोलादी गोळ्या, दुसऱ्यात खोबणीत फिरणाऱ्या चार आणि मधोमध पाचवी. तिसरा गोळ्यांशिवाय, एकमेकांत अडकलेल्या तुकड्यांचा. चौथा साधा, फुलीचा. पहिले तिन्ही वळणावरही चाक एकसारखं फिरवतात. फुलीचा मात्र वाकला की दर फेऱ्याला दोनदा घाई करतो, दोनदा रेंगाळतो. सरळ रस्त्यावर पत्ता लागत नाही. पुढची चाकं जोडून, वळत वळत चढ चढायला गेलं की स्टिअरिंग हाताला चावतं.

काल बन्सी सर्व्हिस मोटारीने इथे आला. खांद्यावर गोणपाट, त्यात पुढचे दोन्ही दांडे. ते माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवून म्हणाला, "मेस्तरी, हे दोघं एका आईचे न्हाईत. एकाला गोळ्या हायेत, एकाला फुली. वळताना भांडत्यात." चार यत्ता शिकलेल्या माणसाने हे नुसतं चाक हाताने फिरवून शोधलं. त्याच्या तोंडाला चहाशिवाय कसलाही वास नव्हता. मी मुद्दाम जवळ बसलो होतो, तेही कबूल करतो.

आता हे पत्र का, ते सांगतो. गेल्या वर्षी लष्करी लिलावातून ती जीप घेतली, तेव्हा उजवा जोड फुटलेला होता. मला ती नाताळाआधी तुझ्या दारात उभी करायची होती. आमचा फिटर सहादेव म्हणाला, जोडीला जोडी मिळेपर्यंत थांबा. त्यावर मी त्याला समतेवर अर्धा तास व्याख्यान दिलं. माणसांत जात मानायची नाही, मग लोखंडात कशाला? वर्कशॉपने टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांच्या भरात मी स्वतः फुलीचा जोड बसवला. माणसांबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. लोखंडाबद्दल सहादेव खरा होता. जीप खड्ड्यात गेली ती माझ्यामुळे. डावीकडच्यासारखाच गोळ्यांचा जोड बन्सीबरोबर दिला आहे, तो नीट बसवेल. मी स्वतः आलो असतो, पण आलो की भाषण करीन, आणि भाषणात मी स्वतःला हमखास सोडवून घेतो. तेव्हा रविवारी, पंचांनी हात वर करायच्या आधी, तू उभी राहा आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून माझ्या सहीपर्यंत त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझाच बाप,
यशया