मखरामागची भिंत

अमरावती
२० एप्रिल

प्रिय करिश्मा,

तुझा फोन मी तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला आणि गुडघ्याचं कारण सांगितलं. तू रागावून फोन ठेवलास, ते बरोबरच केलंस. निवृत्तीनंतर जो माणूस लोकांची घरं विकत घेण्याआधी तपासून देत फिरला, चांदूर बाजारपासून धामणगावपर्यंत ज्याला गाडी पाठवून बोलवायचे, तो स्वतःच्या पोरीचं घर बघायला अकोल्याला येत नाही म्हणजे काय? गुडघा ठणठणीत आहे. खरं कारण शेवटी लिहीन, हात चालला तर.

रविवारी तुला घरमालकाला हो-नाही कळवायचं आहे, म्हणून आधी कामाचं. शनिवारी सकाळी शेखर येईल. माझ्या हाताखाली शिकला, आता माझ्यापेक्षा बरा आहे. अजून इसार दिला नाहीस ना? देऊ नकोस. आपल्याकडे उलटीच रीत. आधी मुहूर्त, मग इसार, मग पेढे, आणि सगळं झाल्यावर तपासणाऱ्याला बोलावणं. एकदा पेढे वाटले की लोकांना घरातला दोष नको असतो, फक्त कोणीतरी मान डोलवायला हवा असतो. घर पाहावं बांधून म्हणतात. तू तर बांधलेलं घेते आहेस, म्हणजे दुसऱ्याने काय झाकलं तेच आधी पाहायचं.

शेखर तीन तास घेईल. चहा पाजून त्याला घाई करू नकोस. तो आधी गच्चीवर जाईल, पाणी कुठे साचतं त्याचे डाग बघेल. मग टिचकी मारत मारत खाली येईल. फरशी पोकळ वाजली की थांबेल. सगळे नळ एकदम सोडेल, विजेचं अर्थिंग तपासेल, शौचालयाची टाकी उघडायला लावेल. मालक तोंड वाकडं करेल, करू दे. पाया मुरुमापर्यंत गेलाय की काळ्या मातीतच बसवलाय, हे तो दहादा विचारेल. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्याबरोबर भिंतही हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग पावसाळ्यात मिटते, वैशाखात पुन्हा तोंड उघडते. म्हणून घर उन्हाळ्यातच बघावं. तू एप्रिल निवडलास, शहाणी आहेस.

शेवटी तो तुला फोटोंसकट अहवाल देईल. घर घे की नको घेऊ हे तो सांगणार नाही, ते त्याचं काम नाही. त्या अहवालाचं शेवटचं पान मात्र सगळ्यात आधी वाच. तिथे, काय काय पाहता आलं नाही, ते लिहायचं असतं. कुलूप लावलेली खोली, कपाटामागची भिंत, जे असेल ते. ते पान कोरं असलं तर अहवाल परत कर. सगळं पाहिलं असं म्हणणारा तपासनीस खोटारडा असतो.

खालची खोली काकासाठी ठेवणार म्हणालीस. ऐकून बरं वाटलं. तुझी आई गेल्यावर उत्तमने आणि तुझ्या जयवंताकाकूने तुला कॉलेजची चार वर्षं पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. तुझ्या डब्यात एक पोळी जास्त घालायची ती, मैत्रिणीसाठी. आता तो भाड्याच्या खोलीत अकोल्याच्या उन्हात कूलरशिवाय बसतो. तू कूलर नेऊन दिलास, तर त्याने तो शेजाऱ्याला देऊन टाकला. का, ते तुला ठाऊक आहे. त्याला वाटतं, कूलरचं पाणी भिंतीत मुरलं म्हणून ती पडली आणि जयवंता तिच्याखाली गेली. तेराव्याला माझा हात धरून म्हणाला होता, "दादा, म्याच मारलं तिले. ते म्हने उकडते, अन् म्या कूलर बसवला." सगळ्या नातेवाइकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

उत्तमचं ते घर घेण्याआधी मीच तपासलं होतं, हे तुला माहीत आहे. कसं तपासलं, ते माहीत नाही. भाद्रपद होता. इसार आधीच दिलेला. मी गेलो तो नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, घरमालकाकडे दोघी उभ्या, सोळा भाज्या, आंबील, पुरण. मला पाटावर बसवलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून जेवलो. मग पूर्वेच्या खोलीत गेलो. तिथेच मखर होतं, पूर्ण भिंत झाकून, मागे जरीचा पडदा. बसवलेल्या महालक्ष्म्या कोणी हलवतं का? पडदा बाजूला करा म्हणायला जीभ रेटेना. दोन दिवसांनी पुन्हा जायला हवं होतं. नाही गेलो. नमस्कार केला, बाहेर आलो आणि शेवटच्या पानावर 'काही नाही' लिहिलं. जयवंताने अहवाल उघडलाही नाही. म्हणाली, "भाऊजी, तुमी पाह्यलं ना, मंग झालं. आता मले कायची चिंता नाई."

पुढच्या वैशाखात, भर दुपारी, ती त्याच भिंतीखाली झोपली होती. मी ढिगाऱ्याजवळ पोचलो तेव्हा विटांना चिकटलेली पुट्टी दिसली. एकावर एक तीन थर, तिन्हींचे रंग वेगळे. म्हणजे ती भेग वर्षानुवर्षं उघडत होती आणि वर्षानुवर्षं बुजवली जात होती. उत्तमचा कूलर लागून बारा दिवस झाले होते. बारा दिवसांच्या पाण्याने अशी भिंत पडत नाही. त्या भिंतीवरून नुसता हात फिरवला असता, तरी मला कळलं असतं. त्या पुट्टीचे काही तुकडे मी खिशात घातले आणि घरी आणले. या वैशाखात तीन वर्षं होतील. त्याला सांगायला दोनदा अकोल्याला आलो, दोन्ही वेळा स्टेशनवरून परत फिरलो. माझ्या भावाला स्वतःला खुनी समजू दिलं मी, कारण मला भित्रा म्हणवून घ्यायचं नव्हतं. आता रात्रंदिवस तेच आहे, आणि यातून सुटका नाही, हेही मला कळलं आहे.

म्हणून मी तुझं घर बघायला येणार नाही. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही. आणि हे पत्र खरं तर घरासाठी नाहीच. पाकिटात ते पुट्टीचे तुकडे ठेवले आहेत. शनिवारी शेखर गेला की काकाकडे जा, तुकडे त्याच्या हातावर ठेव आणि हे पत्र त्याला पहिल्यापासून वाचून दाखव. त्याने मला शिव्या दिल्या तर अडवू नकोस. माफी मागू नकोस माझ्या वतीने, ती मागायची माझी लायकी नाही. मग बाजारात जा आणि त्याच्या खोलीत कूलर बसवून दे. पाणी तूच भर.

तू अजून म्हणशील तर तुझाच,
बाबा