कोंडाण्याच्या मुलींची जीप

कडाव, ता. २ मार्च

ती. ऋषिदादास,
धाकट्या ऋतिकाचा सा. न. वि. वि.

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण वाल झोडायला तीच पुढे. बर्फ वितळेपर्यंत तुमच्या सरहद्दीवरच्या चौकीवर फोन लागणार नाही, म्हणून सगळं लिहूनच सांगते.

कोंडाण्याच्या वरच्या वाडीतल्या मुली यंदा पहिल्यांदाच दहावीला बसल्यात. केंद्र कर्जतला. एवढ्या सकाळी तिकडून दुसरी गाडी नाही, म्हणून तुझ्या जीपनं ने-आण करायचं मी कबूल केलं. काल पहिलाच पेपर. मी वाडीच्या देवळापाशी इंजिन बंद करून थांबले, मुली येऊन बसल्या, चावी फिरवली, तर इंजिन दमल्यासारखं घर्र… घर्र… करून गप्प झालं. दिवे चांगले लागत होते, हॉर्न वाजत होता, पण इंजिन उचलेना. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात चांगोकाका पेंढ्याचा टेंपो घेऊन खाली उतरत होते. मुली पेंढ्यावर बसून गेल्या आणि घंटा होता होता वर्गात शिरल्या.

जीप उतारावर ढकलून सुरू केली आणि नवनाथच्या गॅरेजला नेली. तो म्हणाला बॅटरी गेली. नवी बसवली. आज सकाळी परत तेच. आता तो म्हणतो स्टार्टर काढून कर्जतला द्यावा लागेल, आठवडा जाईल.

दुपारी वाडीतल्या बुधीचे वडील, सदूभाऊ, चालत घरी आले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. पोरीला दर पेपरला अशी धाकधूक नको, ती आता घरीच राहील, एवढं आईला सांगून पाणी पिऊन गेले. बुधी वर्गात पहिली असते रे. सात तारखेला इंग्रजीचा पेपर आहे. तुझं उत्तर त्याआधी येणार नाही हे कळतंय, तरी लिहितेय.

माया असू दे.
तुझी ऋतिका

कडाव, ता. ८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून नाही, पण माझ्याच्यानं राहवत नाही. जीप सुरू झाली, आणि काय बिघडलं होतं ते मी शोधलं.

सदूभाऊ गेल्यावर संध्याकाळी नवनाथ टेंपो घेऊन आला. त्याच्या बॅटरीवरून जीप सुरू करून कर्जतला न्यायची होती. त्यानं टेंपोवरून आणलेल्या तारेचा लाल चिमटा आपल्या बॅटरीच्या अधिकला लावला, काळा उण्याला. चावी फिरवली, तीच रड. दोन दोन बॅटऱ्या जोडल्या तरी इंजिन अडखळतं, तर वीज कमी नाही, ती कुठंतरी अडतेय, असं मला वाटायला लागलं. टाकी भरलेली असून नळाला करंगळीएवढी धार यावी तसं.

तेवढ्यात काळा चिमटा निसटला. मी तो हाताला लागला तसा इंजिनाच्या लोखंडालाच लावला. नवनाथनं चावी फिरवली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. तो म्हणाला, योगायोग. मी इंजिन बंद करायला लावलं. चिमटा परत बॅटरीवर, तर घर्र. परत इंजिनावर, तर झटक्यात. मग त्यानं चावीवरचा हात काढला आणि मीटर आणायला गेला.

म्हणजे स्टार्टर चांगला होता. इंजिनाकडून बॅटरीकडे विजेची परतायची वाटच बंद होती. नवनाथचा मीटर घेतला, एक टोक बॅटरीच्या उण्यावर, दुसरं इंजिनावर धरलं आणि आईला चावी फिरवायला बसवलं. तिथं काटा जवळजवळ हलायलाच नको, पण तो दोन व्होल्टच्या पुढे गेला. बॅटरीपासून खाली इंजिनाला जाते ती काळी वायर सोडवली. वरून धडधाकट, पण प्लास्टिक कापलं तर आत तांब्याचा हिरवा भुगा. चार तारा शाबूत होत्या. दिव्याला तेवढ्या पुरतात, स्टार्टरला कशा पुरणार? नवनाथनं जाड वायर करून दिली. मी बोल्टाखालचा गंज लोखंड चकाकेपर्यंत खरवडला आणि ती आवळली.

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले. बोलून कोण ऐकणार, म्हणून सदूभाऊंना ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि चावी फिरवायला सांगितली. सुरू. बंद करा म्हटलं, परत फिरवा. त्यांनी इतक्यांदा फिरवली की मलाच धास्ती वाटली. शेवटी खाली उतरले आणि म्हणाले, "बुधीला पुढं बसव. मागं धूळ लय येते."

काल पेपर झाला. कर्जतला पोचल्यावर मी इंजिन मुद्दाम बंद केलं.

माया असू दे.
तुझी ऋतिका

ता. ९ मार्च

चि. ऋतिकास,
अ. उ. आ.

तुझं दोन तारखेचं पत्र आज मिळालं. इकडे थंडी आहे, मी बरा आहे.

ऋते, बॉनेटला हात लावू नकोस. बॅटरी बदलूनही फिरत नाही म्हणजे स्टार्टरच गेला. जीप म्हातारी झाली. खालापूरचा हर्षद ती कधीची मागतोय, त्याला लिहितो, येऊन घेऊन जाईल. मुलींसाठी चांगोकाकांना विचार. पंख्यात ओढणी गेली तर इथून मी काय करणार? लहानपणी सायकलची साखळी बसवायला गेलीस आणि दिवसभर बोट चोखत हिंडलीस, ते आठव.

काळजी घे. आईला नमस्कार.
तुझा दादा

ता. १७ मार्च

चि. ऋतिकास,
अ. उ. आ.

आठ तारखेचं पत्र मिळालं. माझं नऊचं तुला मिळालं असेल तर चुलीत घाल.

मी इथं ड्रायव्हर, रोज गाड्यांशी झटतो, आणि बॅटरीनंतर थेट स्टार्टरवर उडी मारली. तुझं पत्र मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चिमट्याच्या जागेवर आलो तेव्हा आम्हाला गाड्यांचं काम शिकवणाऱ्या उस्तादांनी थांबवलं आणि पुढे काय झालं असेल ते पोरांना ओळखायला लावलं. निम्मे चुकले. मग त्यांनी विचारलं, बहीण कुठं शिकली? मी म्हटलं, घरीच. ते म्हणाले, ती चिमटा परत बॅटरीवर लावून बघते, हे सहसा कुणी करत नाही. गाडी सुरू झाली की माणसं निघून जातात.

रात्रभर माझी मान ताठ होती. हर्षदला कार्ड टाकलंय, जीप विकायची नाही. ती आता तुझी. सुट्टीला आलो की मला कर्जत स्टेशनवर न्यायला ये. मी मागं बसेन, धूळ खात.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझा दादा

कडाव, ता. २९ मे

चि. ऋषिकेशास,
आईचा आशीर्वाद.

माजं अक्षर तुला लागंल का नाय ठाऊक नाय, पन आज मीच लिवते. ऋतिका सोताचं कौतुक लिवनार नाय.

निकाल लागला. वाडीच्या सगल्या पोरी पास हायेत. सदूभाऊ पेढं घेऊन आले, पयला ऋतिकाच्या हातावर, मग माज्या. बुधी कर्जतला कॉलेजात जानार हाय.

परवा पुन्याचं एक जोडपं लेनी बघाया आलेलं. त्यांची गाडी कोंडाण्याला बंद पडली. सदूभाऊनं त्यांना आपल्या घरी धाडलं. तो मानूस दारात येऊन विचारतो, मिस्त्री कुठं हायेत. तवा ऋतिका माल्यावर पेंढा रचत होती. मी त्याला सांगितलं, "मिस्त्री वर हाय. हात धुऊन यील."

त्याला नीट ऐकू आलं नाय. मग मी परत सांगितलं रं, जरा मोठ्यानं, शेजारच्या घरात जाईल असं.

जपून ऱ्हा. आमची आठवन ठेव.
तुजी आई,
इंदूबाई