बाबांच्या गाडीचं ऑइल

ता. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांची गाडी पुन्हा ऑइल प्यायला लागली आहे. रविवारी माहेरी आले की मी ऑइल मोजायची पट्टी काढून बघते, आणि बघावं तर पट्टीच्या टोकाला जेमतेम ओल. गॅरेजवाले काका म्हणतात, इंजिन म्हातारं झालं, चालायचंच. मला त्यांचाच संशय येतो. उद्या इंजिन उघडावं लागेल म्हणतील आणि आपण मान डोलावू. बाबा ताकास तूर लागू देत नाहीत, आणि मी विषय काढला की आई लगेच चहा ठेवायला उठते. कुठेतरी पाणी मुरतंय.

इंजिन गेलं असेल तर गाडी विकून दोघांना तुझ्याकडे हलवायचं, हे आपलं ठरलंच आहे. गाडीशिवाय त्या आडबाजूच्या घरात ती दोघं राहणार कशी? पण हे ऐकलं की आईचा चेहरा उतरतो, आणि मला फार वाईट वाटतं. बस डेपोत तू दिवसभर इंजिनंच उघडतोस, तर सांग काय काय बघू.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
चिंगी

ता. ११ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

लहानपणी माझ्या वाट्याचा खाऊ मोजायचीस, ती सवय अजून गेली नाही म्हणायची! आधी इंजिनावर संशय घे, माणसांचं नंतर बघू.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाक. सकाळी डाग नसेल तर ऑइल गळत नाही, जळतंय. मग धूर बघ. सकाळी सुरू करताना निळा धूर निघून थांबला, तर व्हॉल्व्हची सिलं, म्हणजे ऑइल अडवणारी रबरं, कडक झालीत. किरकोळ काम आहे. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की धूर येतच राहिला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, आणि मग इंजिन उघडणं आलंच. काकांना प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायला सांग आणि स्वतः तिथे उभी राहा. दाब कमी भरला तर आत चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचा. वाढला, तर दोष रिंगांचाच.

जावईबापूंना नमस्कार सांग. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
दादा

ता. २० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पुठ्ठा कोरडा. सकाळी निळ्या धुराचा एकच भपका. दाब सगळीकडे चांगला, मी डोळ्यांत तेल घालून उभी होते. काकांवर उगाच संशय घेतला, त्याची लाज वाटते. ते म्हणाले, सिलं थोडी कडक आहेत, पण कोणीतरी गाडी खालच्या गिअरमध्ये इंजिन किंचाळेपर्यंत पळवतंय. मग पाय उचलला की सिलांतून ऑइल आत ओढलं जातं आणि जळतं. क्लचही करपलाय.

बाबा तर किती अलगद चालवतात! आणि दादा, गाडीची सीट पार पुढे ओढलेली होती. बाबांचे गुडघे तिथे मावायचे नाहीत. त्यांनी गाडी कोणाला तरी चालवायला दिली आहे, आणि आईला ते माहीत आहे. सरळ विचारलं तर बाबा वर्तमानपत्रात तोंड घालून बसले, आणि वर्तमानपत्र उलटं होतं. मला भीती वाटते रे. तूच आईला लिही.

उत्तराची वाट बघते. माया असू दे.

तुझी,
चिंगी

ता. २ एप्रिल

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सीट पुढे मी ओढते. तुमचा चोर मीच.

तुझ्या बाबांना उजव्या डोळ्याने दिसेनासं झालंय, डाव्याचाही भरवसा नाही. औषध चालू आहे. तुम्हाला कळलं तर गाडी विकाल, घर सोडायला लावाल, म्हणून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मग मीच शिकले. लायसन्स रीतसर काढलंय; परीक्षेत दुसऱ्या गिअरच्या वर जावंच लागलं नाही. पुढेही मी कधी गेले नाही. तिसरा टाकला की गाडी पळत सुटते असं वाटतं. ते शेजारी बसून नुसत्या आवाजावरून ओरडतात, बदल गिअर, इंजिन रडतंय. मी ऐकत नाही. आयुष्यभर त्यांनी मला गाडीत गप्प बसवलं, आता त्यांची पाळी.

सिलं बदलून घेते. तिसरा गिअरही शिकते, आईचा शब्द आहे. धाकटीला मीच सांगेन, तिला उगाच घोर लागला.

सुट्टी मिळाली की ये, पण आम्हाला न्यायला म्हणून येऊ नकोस. स्टेशनवर तुला घ्यायला मी येते.

सूनबाईला आशीर्वाद. आमच्यावर माया आहे, तसा थोडा विश्वासही ठेव.

तुझी,
आई