पाच खण

जुन्नर, शुक्रवार संध्याकाळ, १९५६

सुटलो एकदाचा. आठ दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

नदीकाठची सात घरं पुरात गेली. ती बांधायला आपल्या सरकारच्या मदतीला परदेशातून एक तज्ज्ञ साहेब आले आहेत. मी शाळामास्तर, इंग्रजी येतं, म्हणून मला दुभाषा केलं. साहेबांनी घर गेलेल्या रहीमचाचा सुतारांना विचारलं, घर केवढं हवं? चाचा म्हणाले, "पाच खण बास व्हतील." आणि मी सांगून बसलो, पाच खोल्या. खण म्हणजे खोली, हे मला कोणी शिकवलं?

साहेबांचा नकाशा आला तेव्हा माझी चूक लक्षात आली. पाच-पाच खोल्यांची घरं, म्हणून त्या जागेत बसली फक्त तीन. बाकीच्या चार कुटुंबांनी कुठं जायचं? तरी चूक कबूल करायला जीभ रेटेना.

आज दुपारी शाळेच्या ओसरीवर सगळं सांगून टाकलं. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, खण म्हणजे काय ते दाखवा. रहीमचाचा ओसरीच्या दोन खांबांमध्ये हात पसरून उभे राहिले. "ह्यो एक खण. असे पाच. लई नाय मागत आमी." साहेबही शेजारच्या दोन खांबांमध्ये तसेच हात पसरून उभे राहिले. मग हसले आणि नकाशा फाडला. पाच खणांच्या हिशेबानं आता सातही घरं बसतात.

घरी आल्या आल्या आमच्या घराचे खण मोजले. सहा निघाले. इतकी वर्षं मी दोन खोल्या म्हणत आलो.