विहिरीकडचं गवत

उज्ज्वला,

मी औंढ्याला चाललो आहे, म्हशीला चाटायची मिठाची वीट आणायला. दुपारच्या बसनं येईन. काम तसं उद्याही झालं असतं.

आज विहिरीकडचं नेपियर कापून घे. दीड महिन्यात कापायचं ते अडीच महिने उभं आहे, धाटं निब्बर झाली. परवा तू विळा घेऊन निघालीस तेव्हा मी ओरडलो, "काहून घाई करून राहिलीस?" तुझी चूक नव्हती. तुझ्या सासूनं दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्या गवताला शेणाची स्लरी सोडली होती. ती परत आली नाही. तिच्या हातचं तेवढंच राहिलं आहे. मी घरी असलो तर आजही कापू देणार नाही.

कॅनॉलकडचं मात्र कापू नको. युरिया टाकून आठच दिवस झालेत, म्हशीला बाधेल. तिच्यामागं मी तिथं दुप्पट युरिया देतो आहे. गवत माझ्या डोक्यावर गेलं, पण दुधाला पहिल्यासारखी साय नाही. ती असती तर म्हणाली असती, "तुमी नुसतं उंच वाढवून राहिलात. जरा म्हशीला इचारा."

कापताना बुडाशी अर्धी वीत ठेव, म्हणजे फुटवा येईल. मग मी स्लरी सोडीन. पण शेण किती, पाणी किती, किती दिवस मुरवायचं, हे मी तिला कधी विचारलंच नाही. तू तिच्यासोबत असायचीस. आल्यावर मला सांग.

— मामाजी