ओ निगेटिव्ह, परळच्या जवळ

लालबाग

प्रिय मेघना,

डेटाबेसच्या पहिल्या चाचणीत नापास झालीस आणि तू देवगडला निघून गेलीस, त्यानंतर वर्गात बरंच काही झालं.

हेरंब सरांनी प्रत्येक गटाला खरं काम दिलं. मला आणि केतनला मिळालं परळच्या एका रक्तदाता मंडळाचं. सगळी माहिती एकाच लांबलचक एक्सेल शीटमध्ये. कुणी रक्त दिलं की दरवेळी त्याचं नाव, पत्ता, फोन पुन्हा नव्या ओळीत. वरळी कोळीवाड्यातल्या धर्माकाकांचे तर निरनिराळे फोन नंबर, चालू कुठला ते मंडळालाही ठाऊक नव्हतं.

आम्ही ती शीट फोडली. दात्यांचं टेबल वेगळं, रक्तदानांचं वेगळं. प्रत्येक दात्याला एक क्रमांक, आणि रक्तदानाच्या ओळीत माणसाऐवजी तेवढा क्रमांक. फोन एकाच जागी. केतन कोळीवाड्यात जाऊन काकांचा चालू नंबर घेऊन आला.

काल सकाळी मंडळाच्या प्रितीताईंचा फोन आला. "अवघड बाळंतपण आहे, ऑपरेशनला ओ निगेटिव्ह लागेल. तुमचं ते चालतं का गं?" चालतं की नाही, आम्हालाच कुठे माहीत होतं. मी क्वेरी लिहिली : गट ओ निगेटिव्ह, राहणार परळच्या जवळ, शेवटचं रक्तदान होऊन तीन महिने उलटलेले, म्हणजे पुन्हा देता येईल. आधी एरर आली, अवतरणचिन्ह राहिलं होतं. मग एकच नाव उमटलं, धर्माकाका. फोन लागला. म्हणाले, "जाली धुतंय, हात पुसून निघतो." आज प्रितीताईंनी कळवलं, आई आणि मुलगी दोघी सुखरूप. केतन कॅन्टीनमध्ये चक्क रडला. त्याला हसता हसता मीही रडले.

आणि आता पत्राचं खरं कारण. सरांनी आज वर्गात विचारलं, शीट फोडायचं कुणाला सुचलं? मी तुझं नाव घेतलं. पहिल्याच आठवड्यात तू विचारलं होतंस, फोन बदलला तर किती ओळींत बदलायचा, आणि सगळे हसले होते. सर म्हणाले, अर्धा विषय त्या एका प्रश्नात आहे, तिला बोलाव. तुझं नाव अजून पटावर आहे. महिनाअखेरीस आलीस तर चाचणी पुन्हा घेणार आहेत. आमच्या गटात तिसरी तूच, सरांना तसं सांगूनही टाकलंय. ये गं.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच मनवा