भिंतीतल्या बुटाची विल्हेवाट

मी, रेखा दिगंबर टिळेकर, वय २९, चामडे व रबर तपासणारी इंजिनियर, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र करते. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. इंग्रजी प्रत वकिलाकडे आहे. ही मराठी प्रत वडिलांचे मित्र गिरीशकाका यांना आजच देत आहे, म्हणजे "मला कोणी सांगितलं नाही" असे त्यांना म्हणता येणार नाही.

१. घर व बचत माझा भाऊ श्रीरंग, राहणार चँडलर, ॲरिझोना, याला.

२. मायक्रोस्कोप प्रयोगशाळेला. कोणालाही उसना देऊ नये.

३. धुराड्यालगतच्या भिंतीत लहान मुलाचा एक बूट सापडला. अंदाजे १८४० चा, लांबी सव्वापाच इंच, तळाला एकेचाळीस लाकडी खिळे. त्या काळी मुलांचे बूट डावा-उजवा असा भेद न करता सरळ साच्यावर बनत. सुतार म्हणाला, घराच्या रक्षणासाठी असा वापरलेला बूट भिंतीत ठेवत. मलाही तो परत तिथेच ठेवायचा होता. काकांनी तो इथल्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनासाठी नेला आणि आठवड्याने दुसराच आणून दिला.

"काका, हा तो नाही."

"अगं, पोरांच्या बुटात काय ओळखायचंय? उलट आता नीट उजव्या पायाचा दिसतोय!"

"माझा कुठल्याच पायाचा नव्हता."

"यू इंजिनियर्स, यार!"

त्यांच्या पत्नी वसुधाकाकू म्हणाल्या, "ज्यांनी तुला एअरपोर्टवरून घरी आणलं, त्यांच्यावर संशय?"

आणले, हे खरे. बर्फात ड्राइव्ह करायलाही त्यांनीच शिकवले. बूट बदलला, हेही मला खरे वाटते. त्यांच्या दिवाणखान्यातले काचेचे कपाट तेव्हापासून पडद्याने झाकलेले आहे.

४. खरा बूट मी गिरीशकाकांना देते. अट एवढीच की तो आपल्याकडे आहे असे त्यांनी वकिलासमोर लिहून द्यावे. लिहून देणे जड जात असेल तर दुसरा मार्ग आहे. भिंत मी अजून उघडी ठेवली आहे. काकूंकडे माझ्या घराची किल्ली आहे. मंगळवार ते रविवार मी इस्पितळात असेन, आणि घरी कोणी नसेल. सोमवारी मी, किंवा श्रीरंग, खिळे मोजू. एकेचाळीस भरले तर भिंत बंद करू, आणि बूट कोणी ठेवला हे कोणीही विचारणार नाही.

साक्षीदारांना या मृत्युपत्रात काहीही दिलेले नाही. म्हणूनच त्यांना निवडले.

साक्षीदार: सुलेखा नरवणे (सही), नरेंद्र ओगले (सही)
रेखा टिळेकर (सही)
श्रूजबरी, शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८६